सुईच्या आधी आणि अहवालानंतर

पूर्वी घरोघरी कपाटाच्या एका खणात हिशेबाच्या वह्या असत. आता त्याच खणात रक्ततपासणीच्या अहवालांची एक फाइल आलेली दिसते. वहीतील प्रत्येक आकड्यामागचा व्यवहार घरातील कर्त्या माणसाला ठाऊक असे. दूध किती आले, धान्य किती भरले, कोणाचे देणे राहिले, हे आकडा पाहताच त्याला सांगता येई. फायलीतील आकडे मात्र परके वाटतात. ते कसे आले आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा, हे सांगणारे कोणी जवळ नसते. एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसला की सारे घर धास्तावते. आणि सगळे आकडे मर्यादेत बसले की आजोबांच्या पायांना महिनोन्‌महिने येणाऱ्या मुंग्यांकडेही दुर्लक्ष होते.

या आकड्यांचा जन्म आणि त्यांचा अर्थ या दोन्ही ठिकाणी जिचा हात असतो, त्या परिचारिकेविषयी या वेळी लिहावयाचे आहे. निमित्त आहे ते ‘फंक्शनल मेडिसिन’ या अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडणाऱ्या उपचारविचाराचे.

हा विचार मूळचा अमेरिकेतला. जेफ्री ब्लँड या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९१ साली तेथे ‘इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन’ ही संस्था स्थापन केली. २०१४ साली क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या नामांकित रुग्णालयाने या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि त्याला प्रतिष्ठा लाभली. रोगाच्या नावापाशी न थांबता शरीराचे कोणते कार्य कोठे बिघडले याचा शोध घ्यावा. आहार, झोप, पचन, श्रम आणि मनावरील ताण यांचा एकत्र विचार करावा, अशी त्याची मांडणी आहे. रुग्णाचे ऐकण्यास पुरेसा वेळ देणे, ही त्याची जमेची बाजू. तपासण्यांची लांबलचक यादी, ही त्याची वादग्रस्त बाजू. उपाशीपोटीचे इन्शुलिन, होमोसिस्टीन, ड जीवनसत्त्व, ब-१२, थायरॉईडचे पाच-सहा घटक, कॉर्टिसॉल, शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी, अशा वीस-तीस तपासण्या एका वेळी सांगितल्या जातात. त्यांतील काही अत्यंत उपयुक्त आहेत, तर काहींना शास्त्राचा पुरेसा आधार नाही. जेथे तपासण्या इतक्या आणि त्यांवरून बदलायचे ते रोजचे ताट, तेथे प्रत्येक आकडा खरा असणे अगत्याचे ठरते.

आकडा चुकतो कोठे, याचे उत्तर इटलीतील पादुआ येथील प्रयोगशाळेच्या अभ्यासात सापडते. तेथील तज्ज्ञांनी १९९७ साली आपल्या प्रयोगशाळेतील चुकांची मोजदाद प्रसिद्ध केली. नमुना यंत्रात जाण्यापूर्वी घडलेल्या चुका एकूण चुकांपैकी ६८ टक्के होत्या. यंत्राच्या टप्प्यावरील चुका अवघ्या १३ टक्के. दहा वर्षांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हाही यंत्रापूर्वीच्या चुका ६२ टक्के होत्या. म्हणजे आपण ज्या यंत्राच्या आधुनिकतेवर विसंबतो, ते बहुधा आपले काम चोख करते. चूक होते ती त्याच्या आधी, माणसामाणसांतील व्यवहारात. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही, नळीवर नाव चुकले, नमुना टेबलावर तसाच राहिला, अशा साध्या गोष्टींत.

म्हणून चांगल्या परिचारिकेचे काम सुई हातात घेण्यापूर्वीच सुरू होते. तिचे प्रश्न ऐकावयास किरकोळ वाटतात. “काकू, काल रात्री किती वाजता जेवलात? झोप लागली का? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?” या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जणी हसतात. केसांच्या गोळीला औषध समजण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु त्या गोळ्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. बाजारातील गोळीत ते बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या शेकडो पट असते. थायरॉईडच्या अनेक तपासण्यांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असल्याने रक्तातील हे जादा बायोटिन निकाल बिघडवते. टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉईडची संप्रेरके खोटीच जास्त दिसू शकतात. धडधाकट बाईला थायरॉईड वाढल्याचा शिक्का बसतो. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन यामुळे खोटेच कमी येऊ शकते, आणि ती चूक जिवावर बेतणारी असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला. थायरॉईडच्या तपासणीपूर्वी अशी गोळी निदान दोन दिवस थांबवावी, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र परिचारिकेने विचारल्याखेरीज हे उमगणार कोणाला?

आपल्या घरांच्या संदर्भात आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे, तो उपवासाचा. ‘उपाशीपोटी या’ असे प्रयोगशाळा सांगते, तेव्हा तिच्या मनात आठ ते बारा तासांचा, पाणी चालणारा उपवास असतो. चौविहार करणाऱ्या व्यक्तीने सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. सकाळी उशिरा नमुना देईपर्यंत चौदा-पंधरा तास सहज होतात. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त किंचित दाट होते. प्रथिने, युरिया, रक्तपेशींचे प्रमाण हे आकडे थोडे चढे दिसू शकतात, आणि शीर सापडणेही अवघड होते. अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या चालू असताना अथवा नुकतीच झाली असताना तपासणी केली, तर यूरिक ॲसिड आणि बिलिरुबिन वाढलेले, साखर उतरलेली, लघवीत कीटोन आलेले दिसतात. हे बहुधा दीर्घ उपवासाला शरीराने दिलेले उत्तर असते. पण अहवालावर ‘उपवास : नऊ दिवस’ अशी नोंद नसेल, तर वाचणाऱ्या डॉक्टरांना ते यकृताचे किंवा सांध्यांचे दुखणे वाटू शकते. ज्या परिचारिकेला चौविहार, एकासणे, आयंबिल हे शब्द ठाऊक आहेत, ती ही नोंद आपण होऊन करते. ज्या परिचारिकेला ते ठाऊक नसतील, तिला आपण सांगितले पाहिजे. संकोच करण्यासारखे त्यात काहीही नाही.

वेळेचेही तसेच. कॉर्टिसॉल सकाळी चढे असते आणि दिवस कलताना उतरते. सकाळच्या मर्यादेशी दुपारच्या नमुन्याची तुलना केली, तर निष्कर्ष चुकतो. सर्दी-ताप किंवा दाताचे दुखणे चालू असेल तर सीआरपी वाढते. अशा वेळी ‘शरीरात जुनाट दाह आहे’ असे अनुमान काढण्यापेक्षा बरे वाटेपर्यंत थांबणे योग्य. आदल्या दिवशी व्यायामशाळेत जोराचे श्रम झाले असतील, तर स्नायूंतून येणारी काही विकरे यकृताच्या तपासणीतही डोकावतात. “ताई, आज नको, पुढच्या आठवड्यात या,” असे रुग्णाला परत पाठवणारी परिचारिका गैरसोय करते असे आपल्याला वाटते. वास्तविक ती एक खोटा आकडा जन्माला येण्यापूर्वीच थोपवीत असते.

आता प्रत्यक्ष सुईचा क्षण. नाव विचारण्याची खरी रीत अशी की रुग्णाने स्वतः आपले पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगावी. “आपण शहा ना?” असे विचारले तर गोंगाटात, काळजीत कोणीही मान डोलावतो. नळीवरची चिठ्ठी रुग्णासमोरच लावावी. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराहून अधिक काळ ठेवू नये. रक्त तुंबले की त्यातील प्रथिने व प्रथिनांना बांधलेले कॅल्शियम वाढल्यासारखे दिसते. निरनिराळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या भरण्याचाही ठरलेला क्रम आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे द्रव्य असते. क्रम चुकून त्याचा अंश पुढच्या नळीत गेला, तर पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले निघते. बारीक सुईतून घाईने रक्त ओढले आणि तांबड्या पेशी फुटल्या, तरीही पोटॅशियम वाढते. शिवाय पेशींतून बाहेर पडलेले विकर इन्शुलिनचे विघटन करते. फंक्शनल मेडिसिनमध्ये ज्या इन्शुलिनच्या आकड्यावर आहाराचा सारा आराखडा उभा राहतो, तोच खोटा कमी येतो.

या सर्वांत आपल्याला सर्वांत जवळची तपासणी कोणती म्हणाल, तर ब-१२ आणि होमोसिस्टीन यांची जोडी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. ब-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून थोडेफार मिळते, आणि पुरेसे मिळाले नाही तर औषधातून घ्यावे लागते. कमतरता दीर्घकाळ राहिली तर मज्जातंतू दुखावतात. पाय बधिर होतात, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. आणि घरातील मंडळी ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. फार उशीर झाला तर ही हानी पूर्णपणे भरून येत नाही.

ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन वाढते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहणे उपयोगी ठरते. परंतु होमोसिस्टीनचा नमुना मोठा नाजूक. रक्त काढल्यानंतरही तांबड्या पेशी हे द्रव्य बाहेर टाकीत राहतात. पेशी वेगळ्या न करता नळी साध्या तापमानात ठेवली, तर आकडा ताशी सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. सामान्यतः १५ ही वरची मर्यादा मानतात. समजा, शरीरातील खरा आकडा १३ आहे. घरून नेलेला नमुना पिशवीत दोन तास फिरला, तर तोच १५च्या पलीकडे जातो. नळी लगेच बर्फात ठेवणे आणि तासाभरात पेशी वेगळ्या करणे, एवढ्या साध्या शिस्तीवर एका माणसाचे निदान अवलंबून असते. उलट बाजूही तितकीच खरी. आठ दिवसांपूर्वी ब-१२चे इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा ब-१२चा आकडा भरघोस येतो आणि मूळची कमतरता झाकली जाते. “इंजेक्शन कधी घेतलेत?” हा एक प्रश्न येथे साऱ्या तपासणीचे मोल राखतो.

अहवाल हाती आल्यावर परिचारिकेच्या कामाचा दुसरा अध्याय सुरू होतो. येथे तिची मर्यादा स्पष्ट असावी. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. अमेरिकेत विशेष उच्च शिक्षण घेतलेल्या ‘नर्स प्रॅक्टिशनर’ तपासण्या सांगू शकतात व उपचारही करू शकतात. साध्या नोंदणीकृत परिचारिकेला तो अधिकार तेथेही नाही. आपल्याकडे तर रक्त काढण्यास बहुधा प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ येतो आणि अहवाल समजावण्यास ‘हेल्थ कोच’ म्हणवणारी व्यक्ती बसते. परिषदेकडे नोंदणी असलेली प्रशिक्षित परिचारिका आणि थोड्या दिवसांचा वर्ग केलेला सल्लागार यांत अंतर आहे. समोर कोण बसले आहे, हे नम्रपणे विचारून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मर्यादेत राहूनही परिचारिका फार मोठे काम करू शकते, आणि ते म्हणजे आकड्याची भीती योग्य मापात ठेवणे. अहवालावरील ‘सामान्य मर्यादा’ ठरते कशी? निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जेथे बसतात, ती साधारणतः मर्यादा. अर्थात प्रत्येक तपासणीत निरोगी माणसांपैकीही शेकडा पाच जण मर्यादेबाहेर पडतात. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के होते. चाळीस तपासण्यांत ती ८७ टक्क्यांवर जाते. फंक्शनल मेडिसिनमध्ये पुष्कळदा याहूनही अरुंद ‘उत्तम मर्यादा’ वापरली जाते. मग ठळक अक्षरे आणखी वाढतात. तपासण्यांची यादी जितकी लांब, तितके अकारण भय अधिक, हे साधे गणित आहे. “काका, हा एक आकडा काठावर आहे. तुम्हाला त्याचा काही त्रास होतो का ते डॉक्टरांना सांगू, आणि गरज पडली तर पुन्हा तपासू,” असे शांतपणे सांगणारी परिचारिका त्या रात्रीची एका कुटुंबाची झोप वाचवते.

काही तपासण्यांच्या बाबतीत तर ‘ही हवीच आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे नेणे हेही तिचेच काम. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजून ‘आपल्याला न सोसणाऱ्या पदार्थांची’ यादी देणारी तपासणी आज जोरात विकली जाते. युरोप, अमेरिका आणि कॅनडातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अशा निदानासाठी ती करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तो पदार्थ आपल्या खाण्यात आला, एवढेच ही प्रतिपिंडे बहुधा दाखवतात. जो पदार्थ आपण रोज खातो, तोच त्या यादीत वर येण्याचा संभव अधिक. कंदमुळे आधीच वर्ज्य असलेल्या आपल्या घरात अशा यादीवरून दूध, गहू आणि तूरडाळही बंद झाली, तर ताटात उरते काय? दूध गेले की ब-१२चा उरलासुरला नैसर्गिक स्रोतही गेला. एका निराधार अहवालाने खऱ्या कमतरतेला आमंत्रण दिले, असे होते.

तिसरा टप्पा पाठपुराव्याचा, आणि येथे परिचारिकेचे कान डॉक्टरांच्या लेखणीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. समजा, ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या. तीन महिन्यांनी तपासले, तर आकडा जेथल्या तेथे. डॉक्टर मात्रा वाढवू पाहतात. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून केलेले असते. ते कळल्यावर आजींनी पहिल्याच आठवड्यात ती डबी बाजूला ठेवलेली असते. डॉक्टरांना सांगण्याचा धीर झालेला नसतो. “आजी, गोळी घेण्यात काही अडचण येते का?” असे एकांतात विचारणाऱ्या सिस्टरजवळ ती गोष्ट बोलली जाते. मग मार्ग निघतो. गोळी, थेंब, वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल असे पर्याय उपलब्ध आहेत. नेहमीचे ड-३ मेंढीच्या लोकरीतील तेलकट द्रव्यापासून बनते, पण दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेले ड-३ही मिळते. ब-१२ तर सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. आपल्या नियमाला काय चालते हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. मात्र नियम सांभाळण्यासाठी उपचार गुपचूप सोडण्याची गरज नाही.

पुन्हा तपासणी केव्हा करावी, हेही तिने पक्के सांगावे. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. पंधरा दिवसांत ते पुन्हा करणे म्हणजे पैसे आणि रक्त दोन्ही वाया. थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, दिवसाच्या त्याच वेळी तपासणी करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना प्रामाणिक होते.

वाचकहो, यातून आपल्यासाठी काही साध्या गोष्टी निघतात. तपासणीस जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे आणि इंजेक्शने यांची यादी सोबत न्यावी. उपवास आणि नियम मोकळेपणाने सांगावेत. तपश्चर्येच्या काळातील तपासणी तातडीची नसेल तर पारण्यानंतर नेहमीचा आहार सुरू होऊन काही दिवस जाऊ द्यावेत. नळीवरचे आपले नाव स्वतः वाचावे. प्रत्येक तपासणीविषयी ‘हिच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल?’ असे विचारावे. काहीच बदलणार नसेल, तर ती तपासणी टळली तरी चालेल. आणि पायांना मुंग्या, वाढता थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणे असतील, तर आकडा मर्यादेत आला म्हणून ती सांगण्याचे सोडू नये.

सकाळच्या गर्दीत सिस्टर पाच प्रश्न अधिक विचारते, तेव्हा मागे उभी असलेली मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. यापुढे तसे होईल तेव्हा तिला सावकाश उत्तर द्यावे. फायलीत पुढे जो कागद लागणार आहे, तो खरा ठरावा म्हणूनच तिची ही विचारपूस चाललेली असते.